देव शिस्त लावतो म्हणजे नेमकं काय करतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सरळ कोणी विचारत नाही. केईएमच्या वॉर्डबाहेरच्या बाकड्यावर, चाळीतल्या कॉटेज प्रार्थनेनंतर चहाचे कप गोळा करताना, नाहीतर उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर कोणीतरी हळूच म्हणतं, "पाळकसाहेब, आमच्याच घराला का?" बाकीचे सगळे प्रश्न त्याच्या पोटात असतात. उत्तरांत वचनांचे संदर्भ दिले आहेत. पवित्र शास्त्र उघडून पडताळत वाचा.

शिस्त आणि शिक्षा एकच ना?

निम्मा गोंधळ आपल्या भाषेतच आहे. 'शिक्षा' आणि 'शिक्षण' हे एकाच घरातले शब्द, पण आज शिक्षा म्हटलं की कोर्ट, दंड आणि बाकावर उभं राहणं एवढंच डोळ्यांसमोर येतं. इब्री लोकांस पत्राच्या १२व्या अध्यायात मराठी भाषांतरांमध्ये कुठे 'शिक्षा', कुठे 'शासन', कुठे 'शिस्त' भेटते. मूळ ग्रीक शब्द आहे 'पाइदेइया'. 'पाइस' म्हणजे मूल. मुलाला वाढवणं, शिकवणं, चुकलं तर रागावणं, सगळं मिळून पाइदेइया. लेखक हे नीतिसूत्रे ३:११-१२ मधून घेतो आणि तिथला हिब्रू शब्द 'मूसार'ही असाच ऐसपैस आहे.

रोजच्या मराठीत याला सगळ्यांत जवळचा शब्द म्हणजे वळण. आपण अक्षराला वळण लावतो आणि पोरालाही. शिक्षेचा हिशोब होऊन गेलेल्या गोष्टीशी असतो, तर वळण लावणाऱ्याचं लक्ष ते पोर पुढे कसं होणार याकडे असतं. पापाचा दंड ख्रिस्ताने क्रूसावर भरला, म्हणून रोमकरांस पत्र ८:१ सांगतं की त्याच्यात असलेल्यांना आता दंडाज्ञा नाही. भरलेल्या रकमेची देव हप्त्याहप्त्याने पुन्हा वसुली करत नाही.

मग इब्री १२:६ मध्ये 'फटके' कुठून आले?

त्या वचनात प्रभू ज्या मुलाला स्वीकारतो त्याला फटके मारतो असं आहे. प्रश्न रास्त आहे, आणि चर्चमधल्या संदेशात, म्हणजे प्रवचनात, तो बहुतेक वेळा टाळला जातो. ग्रीक मजकुरात खरोखरच चाबकाचा शब्द आहे. हिब्रू नीतिसूत्रांत मात्र त्या जागी 'जसा बाप आपल्या लाडक्या मुलाला' असं आहे. जुनी हिब्रू लिपी फक्त व्यंजनांची. स्वरचिन्हं कित्येक शतकांनी आली. त्याच व्यंजनांचा ग्रीक भाषांतरकारांनी 'जसा बाप' ऐवजी 'वेदना देतो' असा उच्चार धरला, आणि इब्री पत्राच्या लेखकाने तेच ग्रीक भाषांतर वापरलं. एका ठिकाणी बापाचं प्रेम ठळक, दुसऱ्या ठिकाणी त्याच प्रेमाची धग.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे पत्र कोणाला लिहिलंय ते पाहा. १०:३२-३४ वाचा. विश्वासामुळे त्यांची चारचौघांत विटंबना झाली होती, काहींची मालमत्ता लुटली गेली होती, काही जण तुरुंगात होते. यातली एकही गोष्ट त्यांच्या पापामुळे आली नव्हती. फटके मारणारे हात माणसांचे होते आणि त्याचा दोष त्या माणसांच्याच माथी राहतो. लेखकाचं म्हणणं इतकंच की बापाने तुम्हांला सोडलेलं नाही, हेही तो तुम्हांला घडवण्याकडे लावतोय. १२वा अध्याय १०व्यापासून तोडून वाचला की तो 'तुम्ही चुकलात म्हणून मार बसतोय' असा ऐकू येतो. गैरसमजाचं मूळ बहुतांशी इथेच आहे.

माझ्यावर संकट आलं, म्हणजे माझ्या हातून काही पाप घडलं असणार?

असेलही, नसेलही. शास्त्रात दुःखाची कारणं एकाहून जास्त आहेत. काही दुःख सरळ परिणाम असतो: वर्षानुवर्षं दारू प्यायली की यकृत बिघडतं. काही दुसऱ्याच्या पापाचं असतं. योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकून विकलं, त्यात त्याचा काय गुन्हा? काही दुःख या मोडक्या जगात राहण्याचंच असतं. काहींचं कारण माणसाला कळतच नाही.

योहान ९ मध्ये जन्मांधाकडे पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. आणि निर्दोष असूनही सगळं गमावलेल्या ईयोबाची गोष्ट तर अशा अंदाजांवरच बेतलेली आहे. त्याचा मित्र अलीफज त्याला सांगतो की देव ज्याची कानउघाडणी करतो तो धन्य (ईयोब ५:१७). वाक्य चोख आहे, नीतिसूत्रांशी जुळतं, भिंतीवर लावावं असं आहे. पण चुकीच्या माणसाला, चुकीच्या वेळी सांगितलेलं. शेवटी ४२:७ मध्ये देव अलीफजावरच रागावतो. तेव्हा साधा नियम ठेवा: स्वतःबद्दल देवाला विचारायची पूर्ण मुभा आहे, शेजाऱ्याच्या दुःखाचं कारण त्याला सांगायची नाही.

२६ जुलै २००५ चा पूर ही मुंबईला देवाची शिक्षा होती का?

त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीच्या पात्रात भराव आणि बांधकामं होती, नाले तुंबलेले होते. पाणी सखल भागात शिरलं आणि तिथे राहणारी माणसं बुडाली. ती डोंगरावर किंवा टॉवरमध्ये राहणाऱ्यांहून जास्त पापी होती, असं म्हणायला कोणाची जीभ रेटेल? लूक १३:४ मध्ये येशूपुढे नेमका हाच हिशोब आला होता. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ जण गेले, ते यरुशलेमात सर्वांत पापी होते का? येशूने नाही म्हटलं, आणि ऐकणाऱ्यांना स्वतःकडे बघायला लावलं. नाले साफ न करणं हेही पापच आहे, पण त्याचं उत्तर बुडालेल्यांकडे मागायचं नसतं.

'भोग आहेत, भोगलेच पाहिजेत' असं आमची आजी म्हणायची. हे त्याहून वेगळं कसं?

'पेराल तेच उगवेल' हे गलतीकरांस पत्र ६:७ मध्येही आहे, तेव्हा कृतीला फळ असतं यावर वाद नाही. फरक आहे तो समोर कोण आहे यात. भोगाच्या कल्पनेत एक खातं असतं, ते फिटेपर्यंत सोसायचं, आणि खात्याला माया नसते. इथे बाप आहे. त्याला विनवता येतं, त्याच्याशी भांडता येतं, त्याच्यापुढे रडता येतं. स्तोत्रसंहितेत कितीतरी स्तोत्रं निव्वळ तक्रारीची आहेत. विलापगीत ३:३३ तर म्हणतं की माणसाला दुःख देण्यात देवाचं मन नसतं. मुलाला इंजेक्शन देताना त्याचा दंड धरून ठेवणाऱ्या आईचा चेहरा पाहिला असेल, तर हे वचन वेगळं समजवावं लागत नाही.

मग देव मला काही सांगतोय की नुसतीच अडचण आहे, हे ओळखायचं कसं?

घाईने ओळखायला जाऊ नका. लोकल चुकली, गॅस संपला, मोबाइल हरवला, यातल्या प्रत्येकात संदेश शोधणारा माणूस महिन्याभरात थकतो. आठवडाभर रोज १५ मिनिटं पुढीलप्रमाणे द्या.

आधी स्तोत्र १३९:२३-२४ सावकाश वाचा. त्यात आपण देवाला आपलं मन तपासायला सांगतो, स्वतः उकरत बसत नाही. मग गप्प बसा. काही मनात आलं तर ते कागदावर एका ओळीत लिहा. लिहिताना कसोटी लावा: त्या गोष्टीला नाव आहे का? 'मी वाईट आहे', 'माझ्या हातून काही नीट होत नाही' हे धुकं आहे, त्याच्याशी काही करता येत नाही. 'मार्चमध्ये टॅक्सीचं खोटं बिल लावून ऑफिसातून १,००० रुपये घेतले' याला नाव, तारीख आणि रक्कम आहे. पवित्र आत्मा बोट ठेवतो ते साधारण अशा जागेवर, आणि तिथून बाहेर पडायची वाटही दाखवतो. २ करिंथ ७:१० मध्ये दोन प्रकारचं दुःख सांगितलंय. एक पश्चात्तापाकडे नेतं, दुसरं नुसतं आतून खात राहतं.

नाव सापडलं तर कबुली द्या आणि भरपाई करा. भरपाईचा भाग आपल्याकडे सर्रास गाळला जातो. प्रार्थनेत ढसाढसा रडायचं आणि पैसे तसेच ठेवायचे! गणना ५:७ मध्ये मूळ रकमेवर पाचवा हिस्सा जास्त द्यायला सांगितलंय, म्हणजे हजाराचे १,२००. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाने तर चौपट परत करतो म्हटलं (लूक १९:८). नियमशास्त्राचा तो पाचवा हिस्सा आज आपल्यावर कायदा म्हणून बंधनकारक नाही, पण अंदाज यावा म्हणून चांगला आहे.

सात दिवसांत नाव सापडलंच नाही, तर शोध थांबवा. देवाला दाखवायचं असेल तर तो दाखवेल. नसलेलं पाप ओढून-ताणून कबूल करणं ही नम्रता नव्हे.

इब्री १२:५ मध्ये दोन चुका सांगितल्यात म्हणतात. कोणत्या?

एक, शिस्त हलक्यात घेणं: 'होतं असं, चालायचंच' म्हणत पुढे जाणं. मुंबईकराला ही चूक जवळची, कारण दुसऱ्या दिवशी ८:१२ ची लोकल पकडायचीच असते. दुसरी, खचून जाणं: 'देवाने मला टाकलं.' पहिल्याला थांबवावं लागतं आणि दुसऱ्याला उठवावं लागतं. दोघांना एकच संदेश दिला की पहिला आणखी निर्ढावतो किंवा दुसरा आणखी मोडतो.

आजार ही देवाची शिस्त असेल तर औषध घेणं म्हणजे त्याच्या विरोधात जाणं नाही का?

नाही. गोळ्या बंद करू नका. इन्सुलिन, रक्तदाबाची गोळी, फिटचं औषध, डिप्रेशनचं औषध, काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. प्रार्थनासभेत कोणी 'आता गोळ्या नकोत, विश्वास ठेव' म्हणालं तरी नाही. याकोब ५:१४-१५ नीट वाचा: आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिथल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, आणि त्याने पाप केलं असेल तर क्षमा होईल. त्यातलं 'असेल तर' फार मोलाचं आहे. आजार आहे म्हणजे पाप आहेच, असं याकोब धरून चालत नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून देवाला तीनदा विनंती केली. काटा राहिला, आणि देव रागावलाय असं उत्तर आलं नाही, कृपा पुरेशी आहे असं आलं (२ करिंथ १२:७-९).

झोप उडालीय, जगू नये असं वाटतंय, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा. तिथे दिवसरात्र बोलता येतं. पाळकांनाही सांगा, पण त्यासाठी रविवारची वाट बघू नका.

नवरा मारतो. 'हा तुझा क्रूस आहे, देव तुला घडवतोय' असं मंडळीतल्या एका ताईंनी सांगितलं. हे खरं का?

हे खोटं आहे, आणि त्या ताईंच्या मनात कितीही चांगलं असलं तरी घातक आहे. देव वाइटातूनही चांगलं काढतो हे एक. त्यावरून वाईट चालू राहू द्यावं असा अर्थ काढणं हे अगदी वेगळं. योसेफ उत्पत्ती ५०:२० मध्ये भावांना म्हणतो की तुम्ही वाईट योजलंत, देवाने चांगलं योजलं. हे तो म्हणतो ते खड्ड्यातून बाहेर आल्यावर, आणि स्वतःबद्दल. खड्ड्यात असलेल्या माणसाला वरून कोणी ते ऐकवलेलं नाही. दावीद शौल राजाच्या भाल्यासमोर बसून राहिला नाही, पळाला. पौलाचा जीव वाचवायला दिमिष्कात, म्हणजे दमास्कस शहरात, लोकांनी त्याला टोपलीतून भिंतीखाली उतरवलं.

आधी सुरक्षित जागी जा. तातडीने मदत हवी तर ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा आहे. त्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि राहत्या घरातून बाहेर काढलं जाऊ नये असा आदेशही मागता येतो. मारल्याच्या खुणांची सरकारी रुग्णालयात नोंद करून घ्या. आणि पाळकांनी नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेट घडवायला लगेच धावू नये. अशा बैठकीत ती खरं बोलू शकत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते.

माझे वडील दारू पिऊन मारायचे. देव बापासारखा आहे म्हटलं की अंगावर काटा येतो.

काटा येणारच. इब्री १२:१० मध्ये लेखक स्वतः मान्य करतो की जन्मदाते बाप आपापल्या समजुतीप्रमाणे शिस्त लावायचे. ती समजूत कधी बरी असते, कधी भयंकर. उपमा घरच्या बापापासून वर देवाकडे चढवत नेऊ नका. देवाकडून सुरुवात करा आणि घरचा बाप कुठे कमी पडला ते त्या मापाने मोजा.

शिवाय शास्त्रात बाप हे एकच चित्र नाही. होशेय ११:३ मध्ये देव एफ्राइमाला, म्हणजे इस्राएलाला, हाताला धरून चालायला शिकवतो. यशया ६६:१३ मध्ये तो आईसारखा सांत्वन करतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईतच झाला. त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली, आणि विठाईला आळवणाऱ्या मातीत ती हाक कोणाला परकी वाटली नाही. 'बाप' शब्द जड जात असेल तर काही काळ 'माउली' म्हणून प्रार्थना करा. दुसऱ्यांनी त्यावर भुवया उंचावल्या तर उंचावू द्या.

'छडी लागे छमछम, विद्या येई घमघम.' नीतिसूत्रांतही छडी आहेच की. मुलांना मारावं का?

नीतिसूत्रे १३:२४ मधली छडी दाखवणारे इफिस ६:४ क्वचितच दाखवतात. तिथे बापांना सांगितलंय की मुलांना चिडीला आणू नका, प्रभूच्या शिस्तीत वाढवा. शिस्तीसाठी तिथेही शब्द पाइदेइयाच आहे. कलस्सै ३:२१ तर सांगतं की चिडवलेली मुलं खचतात. आमचं स्पष्ट मत: मारू नका. छडीच्या वचनांचा रोख मुलाला वाऱ्यावर सोडू नये यावर आहे. मारण्याच्या क्षणी मूल शिकतं ते मारणाऱ्याच्या मूडचा अंदाज घ्यायला. शाळेत मारणं आणि मानसिक छळ शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने बंद केलं आहे. संडेस्कूलच्या शिक्षकांनीही तोच नियम पाळावा.

मारण्याऐवजी काय? चूक आणि परिणाम यांचा संबंध मुलाला दिसेल असं काहीतरी. कंपासपेटी फेकून फोडली तर नवी येणार नाही, चिकटपट्टी लावून तीच वापरायची. रागावणं थोडक्यात, एकदाच, आणि दिवस संपायच्या आत मिटवून टाकायचं.

मंडळीने एखाद्याला शिस्त लावायची झाली तर?

पायऱ्या मत्तय १८:१५-१७ मध्ये आहेत. आधी एकट्याने जाऊन एकट्याला सांगायचं. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्यायचं. तरीही नाही तर मंडळीपुढे. प्रत्यक्षात पहिली पायरी गाळली जाते आणि तिच्या जागी 'प्रार्थनेचा विषय' येतो. "अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा, सविस्तर सांगत नाही" असा मेसेज मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला की संध्याकाळपर्यंत सविस्तर सगळ्यांना ठाऊक असतं. हा चुगलीचा आपला खास ख्रिस्ती प्रकार.

दुसरी चूक शेवटच्या टोकाला होते. माणूस सुधारतो, पण त्याला परत घ्यायची तारीख कोणी ठरवलेली नसते. करिंथच्या मंडळीला पौलाने शिस्त लावलेल्या एका माणसाबद्दल सांगितलं की झाली एवढी शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा, नाहीतर तो अति दुःखाने गिळला जाईल (२ करिंथ २:६-८). म्हणून जबाबदारीवरून कोणाला बाजूला करताना तीन गोष्टी लेखी द्या: कारण, त्याला भेटत राहणाऱ्या मंडळीतल्या वडिलांचं नाव, आणि फेरविचाराचा दिवस, तीन महिन्यांपलीकडचा नको. बालकांचा लैंगिक छळ किंवा पैशांची अफरातफर असेल, तर मात्र हे मंडळीतलं प्रकरण राहत नाही. मुलांच्या बाबतीत पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

पाप डोक्यात असताना प्रभुभोजन घ्यावं का?

प्रभुभोजन म्हणजे उपासनेतला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी. १ करिंथ ११:२८ म्हणतं, स्वतःला पारखा आणि मग खा. पारखा आणि घरी जा, असं नाही. तिथे ज्यांच्यावर ठपका आहे ते गरिबांना उपाशी ठेवून स्वतः पोटभर खात-पीत होते. कोणाशी वैर असेल तर शनिवारीच फोन करा.

कॅथलिक शेजारी फादरकडे पापनिवेदन करून प्रायश्चित्त घेतात. तो भाग यातच येतो का?

वांद्रे, गिरगाव किंवा वसईत दोन्ही परंपरा एकाच गल्लीत राहतात, त्यामुळे हा प्रश्न नेहमीचा. कॅथलिक शिकवणीत क्षमा मिळाल्यावरही पापाने लावलेली ओढ मागे उरते. ती सुटावी म्हणून प्रायश्चित्त, उपवासकाळ, दानधर्म. प्रॉटेस्टंट मंडळ्या यातला 'उरलेली शिक्षा' हा भाग मान्य करत नाहीत, आणि हा मतभेद खरा आहे, तो गुळगुळीत करण्यात अर्थ नाही. पण कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथाच्या १४७२व्या परिच्छेदात स्पष्ट म्हटलंय की ही शिक्षा देवाने बाहेरून उगवलेला सूड समजू नये, ती पापाच्या स्वभावातूनच येते. देव सूड घेत नाही, एवढ्यावर दोन्ही घरांचं एकमत आहे.

मेंढपाळ पळणाऱ्या कोकराचा पाय मोडतो आणि मग त्याला खांद्यावर घेऊन फिरतो, ही गोष्ट कुठल्या अध्यायात आहे?

कुठल्याच नाही. संदेशांतून फिरणारी दंतकथा आहे. पाय मोडलेलं मेंढरू म्हणजे मेंढपाळाच्या डोक्याला ताप, शहाणा मेंढपाळ असं करणार नाही. लूक १५ मध्ये तो हरवलेल्याला खांद्यावर घेतो, पण आधी काही मोडत नाही. स्तोत्र २३:४ मधल्या आकडी आणि काठीने मेंढराला धीर येतो, कारण त्या लांडग्यासाठी आणि वाट दाखवण्यासाठी असतात.

सोनाराची गोष्टही अशीच वाढवलेली. मलाखी ३:३ मध्ये देव चांदी शुद्ध करणाऱ्यासारखा बसतो, इतकंच आहे. 'चांदीत आपला चेहरा दिसेपर्यंत' हे पुढचं शेपूट नंतर जोडलेलं. खरं तर 'बसतो' एवढंच पुरेसं होतं. चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. झवेरी बाजारातला कारागीर मुशीत टाकणखार टाकतो, मळ वर येतो, आणि या सगळ्या वेळात तो मूस सोडून चहाला जात नाही.

येशू तर निष्पाप होता. मग त्याला का सोसावं लागलं?

इब्री ५:८ म्हणतं, पुत्र असूनही त्याने सोसलेल्या गोष्टींतून आज्ञापालन शिकलं. म्हणजे घडवणारं दुःख हे पापाचंच चिन्ह असतं, हा हिशोब इथेच मोडतो. १ पेत्र २:२१ मध्ये त्याच्या सोसण्याला 'हुपोग्रम्मोस' म्हटलंय, म्हणजे मुलाने गिरवावा म्हणून घालून दिलेला कित्ता.

हे किती दिवस चालतं?

ठरावीक मुदत नाही. इस्राएल रानात ४० वर्षं होतं, आणि अनुवाद ८:४ आवर्जून सांगतं की त्या ४० वर्षांत अंगावरचे कपडे झिजले नाहीत की पाय सुजले नाहीत. दाविदाने पाप कबूल केलं तेव्हा क्षमा त्याच वाक्यात मिळाली, परिणाम मात्र आयुष्यभर पुरले (२ शमुवेल १२).

इब्री १२:११ मध्ये शब्द आहे 'नंतर'. शिस्त त्या वेळी सुखाची वाटत नाही, नंतर फळ देते. योहान १५:२ ची फांदी नाशिकच्या द्राक्षबागेत चांगली समजते. तिथे वेल दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा वेल जवळजवळ उघडाबोडका होतो आणि त्या छाटणीला एकही द्राक्ष येत नाही. पण नव्या काड्यांच्या डोळ्यांत घड धरायची तयारी त्याच काळात होते. मग ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि तिच्यानंतर साधारण चार महिन्यांनी माल दादरच्या मंडईत. एप्रिलच्या उन्हात बाग पाहणाऱ्याला मालकाने वाट लावली असंच वाटेल. बाप छाटतो असं येशू म्हणतो ती फळ देणारीच फांदी, हेही लक्षात असू द्या.

संडेस्कूलच्या मुलांना हे कसं शिकवावं?

आठ ते दहा वर्षांच्या मुलांसाठी २० मिनिटं पुरतात. प्रत्येकाला दुरेघी वहीचं एक पान आणि पेन्सिल द्या. पहिल्या ओळीत तुम्ही स्वतः सुबक 'ळ' काढून ठेवा. तोच कित्ता. 'ळ' मुद्दाम, कारण त्याची दोन्ही पोटं सारखी येणं कठीण असतं. दुसऱ्या ओळीत मुलांनी एकट्याने काढायचा. तिसऱ्या ओळीत तुम्ही प्रत्येकाजवळ जाऊन, विचारून, त्याच्या हातावर हात ठेवून काढायचा. मूल हात ताठ धरतं, पेन्सिल अडखळते, दुसरं पोट चपटं येतं. हात सैल सोडला की वळण येतं. मग विचारा: हात धरला तेव्हा कसं वाटलं? कोणी 'घट्ट' म्हणेल, कोणी 'नको वाटलं' म्हणेल. दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहा, दुरुस्त करू नका. नंतर इब्री १२:११ वाचून दाखवा आणि चौथी ओळ पुन्हा एकट्याने काढू द्या.

पानांवर गुण देऊ नका आणि सगळ्यांत चांगलं अक्षर कोणाचं ते सांगू नका. शाईची पेनं आणू नका. खोडरबर मात्र भरपूर आणा, दोघांत एक तरी.